नंदिविशालाचा प्रश्न

बालवाङ्मयाविषयी लिहिताना आपल्याकडील टीकाकार बहुधा दोहोंपैकी एक गोष्ट करतात. गोष्टीतून मुलांवर कोणता संस्कार होतो एवढे पाहून ते तिला शाबासकी देतात, किंवा ‘मुलांचीच गोष्ट’ म्हणून तिच्याकडे पाहतच नाहीत. जी कथा शतकानुशतके लोकांच्या तोंडी टिकून राहिली, तिची अशी बोळवण करणे आम्हांस योग्य वाटत नाही. नंदिविशाल नावाच्या बैलाची कथा ही अशांपैकीच एक होय. ओझे वाहणाऱ्या जनावराशी माणसाने कसे वागावे हे सांगणाऱ्या ज्या कथा आमच्या ऐकण्यावाचण्यात आल्या, त्यांत हिचे स्थान निराळे आहे. परंतु आजकाल ती ज्या रूपात मुलांना सांगितली जाते, त्या रूपात तिचा प्राणच हरवत चालला आहे असे आमचे मत झाले आहे. ते मत येथे सकारण मांडावे असा विचार आहे.

निमित्त घडले ते भोपाळ येथे. शहराच्या पूर्वेस, रेल्वेस्थानक आणि भेलचा कारखाना यांच्या मधल्या पट्ट्यात अशोका गार्डन नावाची दाट वस्ती आहे. १९५६ च्या नोव्हेंबरात नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळास आली, तेव्हा नागपूरच्या कचेऱ्यांतील पुष्कळ मराठी मंडळी आपल्या दप्तरांबरोबर या शहरी आली. पुढे हेवी इलेक्ट्रिकल्सच्या कारखान्यामुळे त्यांत आणखी भर पडली. अशाच मूळच्या नागपूरकडील एका स्नेह्यांच्या घरी, अशोका गार्डनमध्ये, पोळ्याच्या सुमारास आमचे जाणे झाले. श्रावणी अमावास्येचा मोठा पोळा आटोपला होता व दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा चालू होता. विदर्भात त्या दिवशी मुले आपले लाकडी बैल सजवून घरोघर मिरवतात आणि त्यांच्या हातावर बोजारा पडतो, हे आमच्या तिकडील वाचकांस ठाऊकच आहे. ज्या गल्लीत खरा बैल वर्षाकाठी एकदाही फिरकत नाही, त्या गल्लीत चाकांवरचे दोन लाकडी बैल दोरीने ओढीत चार-सहा मुले आली, आणि बोजारा हाती पडल्यावर घरच्या आजींनी त्यांना बसवून घेऊन नंदिविशालाची गोष्ट सांगितली.

गोष्ट संपली. बैलाने शंभर गाड्या ओढल्या, ब्राह्मणाला दोन हजार मिळाले. तेव्हा आठ-नऊ वर्षांच्या एका मुलाने विचारले, “आजी, पैसे तर बामणाला मिळाले. बैलाला काय मिळालं?”

आजी क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “अरे बाप्पा, त्याला चांगलं म्हटलं ना मालकानं! तेच मिळालं.”

मुलाचे त्या उत्तराने समाधान झालेले दिसले नाही. खरे सांगावयाचे तर आमचेही झाले नाही. परंतु आजींचे उत्तर चूक होते असेही आम्हांस म्हणवेना. घरी परतल्यावर मूळ कथा पुन्हा काढून वाचली, आणि त्या मुलाची शंका व आजींचे उत्तर ही दोन्ही मूळ कथेतच वसत आहेत असे दिसून आले.

पाली जातकसंग्रहातील ही अठ्ठाविसावी कथा आहे. गांधार देशी तक्षशिलेस एका ब्राह्मणाला एक वासरू दान मिळते. तो त्याचे नाव मोठ्या आनंदाने नंदिविशाल असे ठेवतो आणि पेज व भात घालून त्याला पोटच्या पोराप्रमाणे वाढवतो. बैल मोठा झाल्यावर त्याच्या मनात येते की, या माणसाने कष्टाने मला वाढविले. माझ्याइतका बळाचा बैल साऱ्या जंबुद्वीपात नाही. तेव्हा आपल्या बळाने याचे पांग फेडावे. तो स्वतःच ब्राह्मणाला सुचवितो की, गुराढोरांचा गर्व असलेल्या अमुक श्रेष्ठीशी हजारांची पैज लाव; माझा बैल भरलेल्या शंभर गाड्या एकटा ओढील असे सांग. पैज लागते. वाळू, खडी आणि दगड भरलेल्या शंभर गाड्या एकीला एक बांधल्या जातात. ब्राह्मण बैलाला न्हाऊ घालतो, गळ्यात माळ घालतो, अंगावर सुगंधी पंजा उमटवतो, पहिल्या गाडीला एकट्यालाच जुंपतो आणि स्वतः दांडीवर बसून पराणी उगारून ओरडतो. त्या ओरडण्यात तो बैलाला ‘कूट’ म्हणतो. कूट म्हणजे लबाड, खोटा, कपटी. बैल मनाशी म्हणतो, मी कूट नाही आणि हा मला कूट म्हणतो. आणि चारी पाय खांबांसारखे रोवून जागच्या जागी उभा राहतो.

ब्राह्मण हजार हरतो व घरी येऊन अंथरुणावर पडतो. येथे कथेचा सर्वांत महत्त्वाचा भाग येतो. बैल चरून परत येतो, मालकाला पडलेला पाहतो आणि त्याच्याशी बोलू लागतो. इतकी वर्षे मी तुझ्या घरी राहिलो. कधी एखादे भांडे फोडले काय? कोणाला चेंगरले काय? नको त्या जागी घाण केली काय? ब्राह्मण म्हणतो, नाही बाबा, कधीच नाही. मग बैल विचारतो, तर तू मला कूट का म्हणालास? दोष तुझा आहे, माझा नाही. एवढे बोलून झाल्यावर तोच मालकाला धीर देतो व सांगतो की, जा, आता दोन हजारांची पैज लाव. मात्र जो कूट नाही त्याला कूट म्हणू नकोस. दुसऱ्या खेपेस ब्राह्मण त्याच्या पाठीवरून हात फिरवतो, त्याला ‘भद्र’ म्हणतो. आणि बैल एका हिसक्यासरशी शंभर गाड्या अशा ओढतो की, शेवटची गाडी पहिलीच्या जागी येऊन उभी राहते.

आता मुलांसाठी म्हणून जी रूपे प्रचारात आहेत त्यांकडे वळू. त्यांतील बहुतेकांत शंभर गाड्या असतात, पैज असते, पहिली फजिती असते आणि दुसरा विजय असतो. नसतो तो बैलाचा प्रश्न. कोठे बैल नुसताच रुसतो. कोठे मालकालाच रात्री आपल्या चुकीची उपरती होते. कोठे एखादा शहाणा शेजारी येऊन त्याला चार शब्द सुनावतो. शेवटी तात्पर्य ठरलेले: गोड बोलावे म्हणजे कामे होतात. आम्हांस या तात्पर्याची भीती वाटते. गोड बोलण्याने काम अधिक होते म्हणून गोड बोलावे असे एकदा ठरले, की चाकाला घालावयाचे वंगण आणि जनावराशी बोलावयाचा शब्द यांत भेद उरत नाही. वंगणाने चाक सुटले नाही तर आपण हातोडा घेतो. गोड शब्दाने बैल हलला नाही तर मुलाने काय घ्यावे, याचे उत्तर या तात्पर्यात नाही.

मूळ कथेत मालक क्रूर नाही, ही गोष्ट येथे मुद्दाम ध्यानात घेण्यासारखी आहे. त्याने बैलाला उपाशी ठेवले नाही. पराणी त्याने उगारली खरी, पण तिचा प्रहार झाल्याचा उल्लेख कथेत नाही. उलट पहिल्या पैजेच्या दिवशीसुद्धा त्याने त्याला न्हाऊ घातले आहे आणि माळ घातली आहे. तरीही गाड्या जागच्या हलत नाहीत. म्हणजे पोटभर चारा, आंघोळ आणि गळ्यातील माळ एवढ्याने जनावराशी असलेले आपले देणे फिटत नाही, हे कथाकाराने किती शांतपणे सुचविले आहे पाहा. ज्याने वासराला स्वतः आनंदाने नाव ठेवले, तोच चारचौघांत, पैशांचा प्रश्न आल्याबरोबर, ते नाव विसरतो आणि गाडीवानाच्या तोंडी बसलेली शिवी त्याच्या तोंडून जाते. त्याच्या मनात दुष्टावा नव्हता हे खरे. परंतु बैलाचा आक्षेप मनावर नाहीच, तो शब्दावर आहे. बैल आपले आयुष्य साक्षीला काढतो आणि सांगतो की, हा शब्द माझ्या बाबतीत खोटा आहे. दयेची याचना तो करीतच नाही. आपल्याविषयी खरे बोलले जावे एवढीच त्याची मागणी आहे.

ही कथा कोणत्या प्रसंगी सांगितली गेली हे पाहिले म्हणजे आमचे म्हणणे अधिक स्पष्ट होईल. जेतवनात सहा भिक्षूंचे एक टोळके इतरांना टोचून बोलत असे. त्यांच्या निमित्ताने भगवान बुद्धांनी ती सांगितली असे जातकात म्हटले आहे. भिक्षूंच्या नियमांचा जो विनयपिटक ग्रंथ आहे, त्यातही अपमानकारक भाषणास दोष ठरविणाऱ्या नियमापाशी हीच कथा येते. तेथे अपमानाचे प्रकार मोजून दिले आहेत. दुसऱ्याला त्याच्या जातीवरून हिणवणे, नावावरून हिणवणे, गोत्रावरून, कामावरून, कसबावरून, रोगावरून, शरीरावरून हिणवणे, असे त्यांत येते. म्हणजे ही बैलाची गोष्ट प्रथमपासूनच माणसांसाठी सांगितलेली होती, आणि तीही अशा माणसांसाठी, ज्यांच्या जिभेवर दुसऱ्याची जात आणि धंदा शिवीच्या रूपाने सहज येत असे. आपल्या समाजात ही कथा मुलांना सांगताना तिचा हा भाग गळून पडावा, हा केवळ योगायोग आहे असे आम्ही म्हणणार नाही.

जातकांच्या कथा मराठीत आणण्याचे मोठे श्रेय धर्मानंद कोसंबी यांचे आहे, आणि ते गोमंतकातील साखवाळचे, हे या पत्राच्या वाचकांस सांगावयास नको. बुद्धाविषयीचे त्यांचे पहिले आकर्षण ‘बालबोध’ या मुलांच्या मासिकातील बुद्धचरित्र वाचून उत्पन्न झाले, असे त्यांनी आपल्या ‘निवेदन’ या आत्मवृत्तात नमूद केले आहे. एका बालमासिकातील मजकुराने एक तरुण घर सोडून नेपाळ आणि सिंहलद्वीपापर्यंत गेला आणि पाली भाषेचा पंडित होऊन परतला. मुलांच्या वाचनात काय ठेवावे व काय गाळावे हा प्रश्न किती भारी असतो, याला यापेक्षा वेगळा दाखला शोधण्याचे कारण नाही. पुढे १९५६ च्या ऑक्टोबरात, म्हणजे नागपूरची दप्तरे भोपाळास निघण्याच्या थोडेच आधी, नागपुरास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी लक्षावधी अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली, आणि कोसंबींनी विद्वत्तेच्या वाटेने आणलेल्या या कथांना असंख्य मराठी घरांत जिव्हाळ्याचे स्थान मिळाले. ज्या लोकांना पिढ्यानुपिढ्या नावावरून आणि कामावरून हिणवले गेले, त्यांच्या मुलांनी नंदिविशालाचा प्रश्न ऐकला तर तो त्यांना निराळ्याने ऐकू येईल. तो प्रश्न गाळण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला?

येथे एक आक्षेप येईल व तो निराधार नाही. कोणी म्हणेल, एवढा मानी बैल अखेर काय करतो? शंभर गाड्याच ओढतो. जू त्याच्या मानेवरच राहते आणि पैसा मालकाच्या घरी जातो. ही मालकाच्या सोयीची कथा झाली. अशोका गार्डनमधील त्या मुलाची शंका हीच होती. मूळ जातककार ही गोष्ट लपवीत नाही, हे आम्ही प्रथम सांगू. पाहणाऱ्या लोकांनी बोधिसत्त्वाला, म्हणजे बैलाला, पुष्कळ धन दिले आणि ते सारे ब्राह्मणाचेच झाले, असे तेथे स्वच्छ लिहिले आहे. एवढे एकच वाक्य मुलांच्या आवृत्तीत राहिले असते तरी प्रत्येक घरी कोणीतरी आजीला अडवले असते. कथेची मर्यादा कथाच दाखवीत आहे. ती झाकण्याचे काम आपण करतो. दुसरे असे की, ओढण्याचा निर्णय येथे बैलाचा आहे. पहिली सूचना त्याची, नकार त्याचा आणि दुसरी सूचनाही त्याचीच. नकार देता येतो हे ज्याने एकदा सिद्ध केले, त्याच्या होकाराला किंमत येते. मराठीत जो केवळ मान डोलावतो त्याला आपण नंदीबैल म्हणतो. हा नंदी मात्र मान डोलावीत नाही.

आपल्या मराठी परंपरेतील कथांशी हिची तुलना केली म्हणजे हे वेगळेपण अधिक ठसते. पोळ्याची म्हणून जी कथा घरोघर सांगतात ती पाहा. शंकर-पार्वती सारीपाट खेळत होते. डाव कोणी जिंकला याची साक्ष नंदीने शंकराच्या बाजूने दिली. पार्वतीने रागावून शाप दिला की, मृत्युलोकी तुझ्या मानेवर जू बसेल आणि तू जन्मभर कष्ट उपसशील. नंदीने क्षमा मागितल्यावर वर्षातून एक दिवस शेतकरी तुला पूजील, तुझ्या मानेवर जू ठेवणार नाही, असा उःशाप मिळाला. कथा गोड आहे, आणि बैलाच्या श्रमाला एक दिवसाची का होईना सुटी देणारी आहे. परंतु तिचा कल असा की, बैलाचे कष्ट ही त्याच्याच अपराधाची शिक्षा ठरते. पोळ्याच्या दिवशी माळ, झूल, पुरणपोळी; दुसऱ्या दिवशी पुन्हा पराणी आणि पुन्हा तीच शिवी. गोमंतकात दिवाळीच्या पाडव्याला ‘गोरवां पाडवो’ होतो. तेथेही गुरांना न्हाऊमाखू घालून सजवतात. या सणांचे सौंदर्य आम्ही मानतो. मात्र नंदिविशालाच्या गळ्यातही माळ होती, हे विसरता येत नाही.

एकनाथांची कथा याहून उंच आहे. काशीहून गंगेची कावड रामेश्वरास नेत असता तापलेल्या वाळूत तडफडणारे गाढव त्यांनी पाहिले आणि ते पाणी त्याच्या मुखी घातले. गाढव हे कुंभारापरटाचे ओझे वाहणारे, हेटाळणीचे धनी असलेले जनावर. त्याला देवाच्या अभिषेकाचे पाणी पाजण्यात जे धैर्य आहे ते थोर होय. तरीही कथेच्या रचनेकडे पाहिले तर गाढव मुके आहे. त्याने पाणी प्यावे आणि नाथांचे मोठेपण उजळावे एवढेच त्याचे काम. मुलाच्या मनात नाथांविषयी आदर उत्पन्न होतो. गाढवाविषयी काय उत्पन्न होते हे सांगणे कठीण आहे.

नंदिविशालाच्या जवळ जाणारी मराठी कथा आमच्या मते पैठणच्या रेड्याची. ती आपण चमत्कार म्हणून सांगतो आणि रेड्याने वेद म्हटले येथेच थांबतो. त्याआधी काय घडले ते पाहावे. संन्याशाची मुले शुद्धिपत्रासाठी पैठणास आली आहेत. सभेत त्यांची थट्टा चालली आहे. इतक्यात पखाली वाहणारा एक रेडा वाटेने जातो. कोणी म्हणतो, नावात काय आहे, या रेड्याचेही नाव ज्ञानाच आहे. हे बोल ज्ञानदेवांना खाली पाडण्यासाठी होते. त्यांनी तो अपमान मानलाच नाही. त्याच्यात आणि माझ्यात भेद नाही असे ते म्हणाले. मग रेड्याच्या पाठीवर आसूड ओढले गेले आणि वळ उठले ते ज्ञानदेवांच्या पाठीवर. येथेही सारा प्रसंग एका नावावरून सुरू होतो, हे विलक्षण नव्हे काय? जनावराचे नाव माणसाला शिवी म्हणून दिले गेले, आणि त्या माणसाने ते नाव आपलेच म्हणून स्वीकारले. रेड्याच्या मुखी वेद आले ते त्यानंतर. ज्याच्याशी आपण भेद मानला नाही त्याला वाचा फुटली, असा या कथेचा अर्थ आम्ही घेतो. जुन्नर तालुक्यातील आळे या गावी त्या रेड्याची समाधी आहे आणि लोक तिचे दर्शन घेतात. ओझे वाहणाऱ्या जनावराची समाधी बांधणारी परंपरा आपली आहे. मग त्याचे नाव शिवीसारखे वापरणारी जीभ कोणाची?

हा प्रश्न भाषेचा आहे आणि आपल्या भाषेस तो टाळता येणार नाही. मंदबुद्धीला आपण बैलोबा म्हणतो, मूर्खाला गाढव म्हणतो, कोंकणीत ‘गाडव’ म्हणून तेच करतो, आणि राबून राबून दमलेल्याला घाण्याचा बैल म्हणून त्याची कीव करतो. जी जनावरे आपल्यासाठी सर्वांत अधिक राबली, नेमकी त्यांचीच नावे आपल्या शिव्यांच्या यादीत आली. वाघाचे नाव शिवी झाले नाही. प्रेमचंदांच्या लक्षात हे आले होते. १९३१ च्या सुमारास लिहिलेल्या ‘दो बैलों की कथा’ या त्यांच्या कथेचा आरंभच गाढवाला मूर्ख का म्हणतात या विचाराने होतो. भोपाळच्या हिंदी शाळांत शिकणाऱ्या मराठी मुलांना ही कथा परिचयाची आहे; नववीच्या हिंदी पुस्तकात ती वर्षानुवर्षे नेमलेली होती. हिरा आणि मोती हे झुरीचे बैल सासुरवाडीच्या माणसाकडे पाठविले जातात तेव्हा दावे तोडून घरी परत येतात, आणि झुरीची बायको त्यांना नमकहराम ठरवते. पुन्हा एक खोटा शब्द. आणि पुन्हा तो अशा जनावरांना, ज्यांनी घरच्या ओढीनेच दावे तोडले होते. प्रेमचंदांचे बैल पुढे जाऊन कोंडवाड्याची भिंत पाडतात आणि इतर जनावरांना मोकळे करतात. नंदिविशाल जेथे थांबला तेथून हिरा-मोती पुढे गेले असे म्हणता येईल. आम्हांस मात्र यांत विरोध दिसत नाही. ज्याने खोटा शब्द नाकारला, त्याचाच वंशज पुढे भिंत नाकारतो.

अशोका गार्डनहून ५० किलोमीटरांच्या आत सांची आहे. तेथील तोरणांवर छद्दंत हत्तीची, महाकपीची आणि वेस्संतराची जातके कोरलेली आहेत. नंदिविशालाची कथा तेथे ओळखली गेलेली नाही. दक्षिण तोरणावर राजा सातकर्णीच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याच्या दानाचा लेख आहे. आणि सातवाहनांचे पैठण तेच, जेथे पुढे रेड्याची कथा घडली असे परंपरा सांगते. ज्या अशोकाच्या काळी येथील मूळ स्तूप उभा राहिला, त्याने आपल्या शिलालेखांत माणसांसाठी तशी जनावरांसाठी औषधोपचाराची सोय केल्याचे आणि वाटेवर विहिरी खणल्याचे नोंदविले आहे. आणि राज्याभिषेकानंतर २६ वर्षांनी कोरविलेल्या स्तंभलेखात ठरावीक तिथींस बैलांना खच्ची करू नये, घोड्याबैलांना डाग देऊ नये अशी आज्ञा आहे. आपल्या काळी १९६० चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा आणि त्याखालील १९६५ चे नियम याच वाटेने गेले. ओढीच्या जनावरास दिवसात ९ तासांहून अधिक आणि सलग ५ तासांहून अधिक राबवू नये, पारा ३७ अंशांच्या वर गेला असता दुपारी १२ ते ३ जुंपू नये, असे त्यांत आहे. हे सारे आवश्यक आहे. राजाने आणि कायद्याने ओझे तोलावे, तास मोजावेत. शब्द मात्र त्यांच्या तराजूत येत नाही. तो तोलण्याचे काम कथेचे आहे, आणि म्हणूनच ती नीट सांगितली गेली पाहिजे.

आता कोणी विचारील की, ज्या मुलांनी बैल पाहिला तो चाकांवरचा, त्यांना या कथेचा उपयोग काय? आम्ही म्हणू, अधिकच आहे. अशोका गार्डनच्या गल्लीतून बैलगाडी जात नसली तरी हातगाडी जाते. पाठीवर सिलिंडर घेऊन जिना चढणारा माणूस दारी येतो. पहाटे कचरा नेणारी बाई येते. त्या घरातील मूल त्यांना काय म्हणून हाक मारते? मोठ्यांच्या तोंडून त्यांच्याविषयी कोणता शब्द ऐकते? ओझी वाहणारे बदलले, जिभा त्याच राहिल्या. नंदिविशालाने ब्राह्मणाला जे विचारले तेच या माणसांपैकी कोणी आपणांस विचारले तर आपल्यापाशी उत्तर असावे एवढ्यासाठी तरी ही कथा मुलांना पूर्ण सांगावी.

कथा सांगणाऱ्या आज्यांना आणि छापणाऱ्या प्रकाशकांना आमची विनंती फार मोठी नाही. शंभराच्या जागी दहा गाड्या केल्या तरी चालेल. तक्षशिलेच्या जागी नागपूर आले तरी बिघडत नाही. लोककथा अशीच प्रवास करते. बैलाने रात्री येऊन मालकाला विचारलेला प्रश्न तेवढा ठेवावा, मालकाच्या तोंडचा ‘नाही बाबा, कधीच नाही’ हा कबुलीजबाब ठेवावा, आणि सारे धन मालकाचेच झाले हे शेवटचे वाक्य गाळू नये. मग एखादा मुलगा विचारील की, बैलाला काय मिळाले. त्या आजींनी दिलेले उत्तर आम्ही पुन्हा आठवून पाहिले. त्याला चांगले म्हटले गेले, हे खरे आहे; आणि एवढे पुरेसे नव्हते, हेही खरे आहे. दोन्ही सांगावीत. मुलांना ती समजतात. त्या दिवशी तो मुलगा काही न बोलता उठला, आपल्या लाकडी बैलाची सुटलेली दोरी त्याने पुन्हा बांधली आणि बाहेर नेताना त्याला नावाने हाक मारली. नाव काय ठेवले होते ते आम्हांस ऐकू आले नाही.